मोर्शीच्या वरचा समुद्र

"माह्या पोरीनं खोटं केलं असन तर तसं सांगा. पण केलं नसन, तर तिचं नाव सोडवा," भगवंतराव इंगोले म्हणाले. समोरच्या चहाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

अमरावतीत राजापेठेला एका माडीवर प्राजक्ता खंडारेचं तपासाचं ऑफिस होतं. नितेश तिचा मदतनीस. गाडी चालवायची, माणसं शोधायची आणि सगळ्यांना कळून चुकलेली गोष्ट शेवटी विचारायची, हे त्याचं काम.

भगवंतरावांचा मोर्शीला बोअरवेलचा धंदा. एकुलती एक पोरगी अपेक्षा अकोल्याच्या एका कॉलेजात दगडांवर पीएच.डी. करत होती. महिन्यापूर्वी डेंग्यूनं गेली, तीही आकडे बनवल्याचा ठपका घेऊन. आता कॉलेज तिचं सगळं काम रद्द करायला निघालं होतं. बापाला दुसरं काही नको होतं, तेवढं नाव हवं होतं.

आधी दोघं मोर्शीला गेली. भगवंतरावांनी स्वतः चहा टाकला. लोखंडी डब्यात आलं घालून ते बोअर पाडायच्या जुन्या बिटीनं कुटलं. बिटीच्या तोंडाला अतिकठीण धातूची करडी बटनं होती.

"पाषाण फोडते हे. आल्याची काय कथा," ते म्हणाले. बोअरवाल्यांच्या घरी असंच असतं, झिजलेली बिट फेकत नाहीत.

अपेक्षाची आई जमुनाबाई दारात उभ्या होत्या. "घरी आली का अंगात ताप असला तरी खल घेऊन बसे," त्या म्हणाल्या. "त्या अकिकाच्या खलात चिमूटभर पूड कराले दिवस जाये. हात सुजले होते तिचे."

मग अकोला. मार्गदर्शक डॉ. किशोर देवळे सरळ बोलले.

"समुद्राचा तळ खंडाखाली शिरतो, तिथल्या लाव्ह्यात टँटलम आणि निओबियम कमी असतात. अपेक्षानं केलेल्या पुडीच्या पहिल्या खेपेत दोन्ही कमी आले. म्हणजे मोर्शीच्या वर, सातपुड्यात, कधीकाळी एक समुद्र मिटला होता. एवढा मोठा शोध, म्हणून मी त्याच दगडांची पूड पुन्हा करायला लावली. हैदराबादला मोजली, तर टँटलम भरपूर. समुद्र गायब. चौकशी समिती म्हणाली, पहिले आकडे पोरीनं बनवले."

"दुसऱ्या खेपेत निओबियम किती?" प्राजक्तानं विचारलं.

"ते कमीच."

"लोखंड, क्रोमियम?"

"होतं तेवढंच."

"टंगस्टन आणि कोबाल्ट?"

डॉक्टरांनी पान उलटलं आणि चष्मा काढला. "दोन्ही फार चढलेत. हे आम्ही पाहिलंच नाही. पण आमची गिरणी पोलादी आहे. टंगस्टनचं भांडं आमच्याकडे नाहीच."

मोनाली अपेक्षाच्याच खोलीत काम करायची. दोघींचं पटत नव्हतं.

"भांडण होतं, खोटं काहून बोलू? पण तिच्या दगडांले मी हात नाही लावला," ती म्हणाली. "समितीनं विचारलं, पूड कोणं केली? ती म्हणे, मीच. मग एक महिना मागितला, परत करून देतो म्हणे. त्याच महिन्यात डेंग्यू झाला अन् गेली. आकडे पाहून ती रडली नाही. फक्त म्हणे, मोनाली, माह्या घरी हे बोलू नको."

परतीच्या वाटेवर बडनेरा आलं तशी प्राजक्ता म्हणाली, "नितेश, हे बापाला सांगावं की नाही रे?"

नितेशला काहीच कळलं नव्हतं, आणि हे असं विचारणं त्याला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव एकटेच आले. प्राजक्तानं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"काका, तुमच्या पोरीनं आकडे बनवले नाहीत. पहिली खेप खरी होती, बिघडली ती दुसरी. मोनालीनं दगड बदलले असते तर निओबियमही बदललं असतं. ते आणि टँटलम जुळ्या भावांसारखे जोडीनं वरखाली होतात. इथं एकटं टँटलम चढलं. म्हणजे दगड तोच, काहीतरी वरून मिसळलं. कॉलेजच्या पोलादी गिरणीतून मिसळलं असतं तर लोखंड, क्रोमियम वाढलं असतं. वाढलं टंगस्टन आणि कोबाल्ट. ती दोन बोअरच्या बिटीच्या बटनांत असतात. टँटलमही असतं थोडं."

भगवंतरावांनी मान वर केली.

"काका, दुसरी पूड कोणी केली?"

खाली ऑटोवाले भांडत होते.

"मी," ते म्हणाले. "ते तापात झोपली होती. मी म्हटलं, एवढंसं तर काम आहे. कुटून तिच्याच पिशवीत भरून ठेवलं. उठल्यावर म्हणे, बाबा, तुमी केलं? मी म्हटलं, तुह्याच खलात केलं, बेटा. बिटीनं कुटलं ते नाही सांगितलं." त्यांनी प्राजक्ताकडे पाहिलं. "तिले कळलं होतं का?"

प्राजक्तानं खोटं बोलायचं ठरवलं असावं, पण तिला ते जमलं नाही.

"आकडे पाहिल्याबरोबर कळलं. समितीपुढं तुमचं नाव घेतलं असतं तर ती तिथंच सुटली असती. तुम्हाला कधी कळू नये म्हणून तिनं महिना मागितला. स्वतः परत पूड करणार होती."

नितेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"आता मी लिहून दिलं तर तिचं नाव सुटते?"

"सुटते, काका. समुद्रही तिचाच राहतो."

त्यांनी कागद मागितला, लिहून सही केली, आणि सही केलेला कागद तसाच हाताखाली दाबून धरला.

"एक करा, बाई. याच्यात माहं एकट्याचंच नाव राहू द्या. जमुनाले हे समजू देऊ नका. मी तर नाहीच म्हणत होतो, मले काय समजते त्यातलं. तिनंच म्हटलं होतं, पोरगी थकली, तुमी कुटून द्या."