धोंडगडाचे टाके

खालच्या खोऱ्यात पहाटेचे धुके अजून हलले नव्हते, तोच धोंडगडाचे किल्लेदार जानराव काकडे नव्या बंदिखान्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आत उतरायला मात्र त्यांचे पाय धजेनात. गडावर कैदी मावेनात म्हणून वर्षापूर्वी त्यांनीच सटवाजी पाथरवटाकडून मोठे टाके उपसून, झऱ्याचे तोंड शिसे ओतून बुजवून, त्यात सोळा कोठड्या पाडून घेतल्या होत्या आणि गडावर जागा मोकळी असल्याचे दरबारास मोठ्या तोऱ्याने कळवले होते. दरबाराने पालखीचा मान दिला. मग, ताकीद देऊन सोडले असते असेही लोक बेड्या घालून येऊ लागले. म्हादू आणि लखू हे दोघे विणकर भाऊ त्यातलेच. त्या ओलीत खोकून खोकून दोघेही गेले.

आणि काल सांजेला बंडखोर गव्हाणे सरदारांचा कबिला आला. त्यात आवडाऊ होत्या. जानरावांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा याच माउलीने त्यांना अंगावर पाजले होते.

"कोण, जान्या?" अंधारातून आवाज आला. "उतर की खाली. का पालखी आत मावत नाही?"

जानराव उतरले. म्हातारीच्या मांडीवर तापाने फणफणलेले नातवंड होते.

"दरबारचा हुकूम, आऊसाहेब. माझा इलाज नाही."

"आम्हाला घरातच चौकीपहाऱ्यात ठेवायचं ठरलं होतं, बाबा. मग कुणीसं म्हणालं, धोंडगडावर जागा आहे." त्यांनी नातवाच्या अंगावर पदर ओढला. "जागा आधी झाली. हुकूम मागून आला."

जानराव वर आले ते थेट सटवाजीकडे गेले.

"शिसे निघेल?"

"निघेल, धनी. पण पाणी मग कुणाचं ऐकायचं नाही. झरा कोंडू नये, हे मी तेव्हाच बोललो होतो."

"बोलला होतास," जानराव म्हणाले. "आज माझ्या हुकमाने फोड."

दुपारपर्यंत सगळे कैदी वर सदरेत आणले गेले आणि झऱ्यावर पहार चालली. आठव्या दिवशी टाके काठोकाठ भरले. जानरावांनी दरबारास स्वहस्ते लिहिले, "गडावर कैद्यांस जागा नाही. झरा आम्हीच मोकळा केला."

किल्लेदारी गेली, पालखी गेली. गव्हाण्यांचा कबिला घरच्या चौकीत परतला. बाकीच्यांना मात्र दुसऱ्या गडांच्या वाटेला लावले, आणि ती रांग दिंडी दरवाजातून उतरताना जानरावांना बघवेना. त्यांच्याही पायात बेडी पडली. कोठडी उरली नव्हती, म्हणून पागेच्या पडवीत त्यांना ठेवले.

तिथे ते अकरा वर्षे जगले. रोज बेडी ओढत अर्धा गड उतरून खालच्या ओहोळाच्या पाण्याची घागर आणत. एकदा थकलेला सटवाजी न राहवून म्हणाला, "धनी, टाक्याचं पाणी खडीसाखरेसारखं आहे. घोटभर घ्या तरी."

जानरावांनी घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आधी म्हादू आणि लखू पिऊ देत," ते म्हणाले आणि चालू लागले.