कंठपाल

सदानंदरावांच्या शोकसभेत मंदाकिनीबाई बोलायला उठल्या, तेव्हा बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले होते. बाईंचा आवाज मात्र एकदाही कापला नाही. नवऱ्याबद्दल जे सांगायचं ते त्यांनी स्वच्छ, ठाम स्वरात सांगितलं. परतताना धाकटी जाऊ कुणाला तरी म्हणाली, की वहिनींचं काळीज दगडाचं आहे. ते त्यांच्या कानावर पडलं.

आवाज न कापणं हे काम कंठपालाचं होतं. काही वर्षांपूर्वी एका तापात बाईंच्या स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडले. या स्नायूंची एकच जोडी श्वासाची वाट उघडते. बाकीचे ती मिटतात, म्हणून घास श्वासनलिकेत जात नाही आणि आवाजही निघतो. उघडणारी जोडीच गेल्यावर गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागली. ती सदानंदराव रोज स्वतः साफ करत. पुढे तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बाईंच्या मानेत बसवलं. मेंदूचा हुकूम ओळखून ते स्नायूंना वेळेवर हलवी. तोच हा कंठपाल. नळी निघाली, आणि बाईंनी पहिली हाक नवऱ्याला मारली.

शोकसभेनंतर, आपला कंठ का दाटला नाही हे विचारायला त्या कंठपाल बसवणाऱ्या डॉक्टर नाझनीन मुजावरांकडे गेल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "दुःखात शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून कंठ रुंद उघडतो. तेव्हाच आपण आवंढा गिळू बघतो, त्यासाठी तो मिटायला हवा. ही ओढाताण म्हणजेच कंठ दाटून येणं. कंठपालाला तो बिघाड वाटतो, तो लगेच दुरुस्त करतो."

"ती दुरुस्ती थांबवता येईल?"

"येईल. पण मिटणारे स्नायू वरचढ ठरले तर श्वास कोंडेल."

"थोडाच वेळ. तुमच्यासमोर. मला त्यांच्यासाठी एकदा नीट रडायचंय."

डॉक्टरांनी बराच विचार केला. मग प्राणवायूचा मास्क हाताशी ठेवून त्यांनी दुरुस्ती थांबवली.

बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं. गळ्यात गोळा आला, आवाज फुटला, त्या ओक्साबोक्शी रडल्या. किती बरं वाटलं! पण मग श्वास शिट्टीसारखा वाजला आणि अडकला. बाईंचा हात आपोआप वर गेला. डॉक्टरांनी दुरुस्ती सुरू केली. गार हवा छातीत शिरली आणि गोळा विरघळून गेला.

त्या हवेबद्दल, डॉक्टरांबद्दल, नळी धुणाऱ्या त्या हातांबद्दल बाईंना अपार कृतज्ञता वाटली.

"दुरुस्ती पुन्हा कधी थांबवायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको. हा श्वास त्यांनीच जपलाय," बाई म्हणाल्या. आणि हे म्हणतानाही त्यांचा कंठ दाटून आला नाही.