लाखेवरचा अंगठा

"बाटली भाऊजींनीच नेलीय," योगिनी म्हणाली. "तसं ठरलं, तर या घराचा उंबरा मी परत चढायची नाही."

तपास सई बागुलचा. महेश तिची गाडी चालवी आणि शंका काढी. त्याला आधी त्या खोलीचंच नवल वाटलं. इंदिरानगरातल्या बंगल्याचा तळमजला, चार टेबलं, सांजवातीएवढा उजेड. योगिनीच्या नवऱ्यानं, शामसुंदरनं, फ्रान्समध्ये पाहिला तसा वाइन बार इथं मांडला होता. उद्या त्याच्या मृत्यूला वर्ष होणार. त्याच्या हातची शेवटची बाटली उद्या उघडून मित्रांना घोटघोट द्यायची, असं योगिनीच्या मनात होतं. बाटलीच्या तोंडाला लाल लाख, लाखेवर शामसुंदरच्या अंगठ्याचा ठसा.

फडताळात त्या बाटलीची जागा रिकामी होती. तिथं चिमूटभर तांदूळ नि एक सुपारी.

"उंदरांचा उद्योग," वाइन वाढणारा दीपक म्हणाला. "मी नेली असती मॅडम, तर शेजारची महागडी नेली असती."

धाकटा दीर मयुरेश मान खाली घालून म्हणाला, "बार बंद करा म्हणतो मी, खरंय. पण चावी वर घरात खुंटीलाच असते."

वर सासूबाई, गोदावरीबाई. बारची पायरी त्या कधी उतरल्या नव्हत्या, असं सगळे सांगत. त्यांनी देवापुढची खडीसाखर दिली, ती डाव्या हातानं. उजवा पदराखाली. वय झालं, महेशला वाटलं.

"बाटलीचं काय मला?" त्या म्हणाल्या.

सईनं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"उंदीर तांदूळ नेतो, सुपारी आणून ठेवत नाही," ती म्हणाली. "देव उजळायला काढले की देव्हाऱ्यात काय ठेवतो आपण?"

"तांदूळ, सुपारी," महेश पुटपुटला. "जागा रिकामी राहू नये म्हणून."

"म्हणजे नेणाऱ्याला वाइन नको होती. बाटली उघडताना लाख फुटणार, ठसा जाणार, ते नको होतं. चावी घरातल्या कुणालाही मिळते. आणि देवाचं डाव्या हातानं देणारी बाई ही नव्हे. आजी, हात दाखवा."

गोदावरीबाईंनी पदर सारला. बोटं पोळलेली, नखांत लाल लाख.

देवघरात समईशेजारी बाटली उभी होती. ज्योतीची धग लागून लाख वितळली होती, गळ्यावरून ओघळून थिजली होती. ठसा कुठंच नव्हता.

"देवाजवळ ठेवला, सुखरूप राहील म्हणून," म्हातारी म्हणाली. "धरायला गेले, तर बोटांतून निसटला गं. मीच पुसला त्याला."

मयुरेश भिंतीकडं वळला. ज्या चोरावर ओरडायचं योगिनी ठरवून आली होती, तो चोरच तिथं नव्हता.

ती सासूच्या पायाशी बसली. पोळलेला हात तिनं मांडीवर घेतला.

"आई, सांगा ना, कसा होता त्याचा अंगठा?"

"जन्मला तेव्हा मुठीत आवळलेला," गोदावरीबाई म्हणाल्या. "सुईण सोडवायची, हा परत मिटायचा. म्हटलं, राहू दे बाई, त्याचं त्याला कळेल कधी सोडायचं ते."