काटा शून्यावर

नागपूरच्या मेंदूविज्ञान संस्थेत चंचल मेश्राम दोन प्लेट तर्री-पोहे घेऊन शिरली आणि मिनिटभरात एका खुर्चीत बसलेली होती. मनगटावर राखाडी पट्टा होता. पोहे कुणाचे, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

"मॅडम, मी डिलिव्हरीवाली आहे," तिनं आठवण करून दिली.

"म्हणूनच," डॉ. नसीम काझी म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांची होती. "ज्या प्राध्यापकांवर प्रयोग करायचा होता ते ऊन फार आहे म्हणून आले नाहीत. तू आलीस."

समोरच्या भिंतीवर परातीएवढी तबकडी होती. मधोमध शून्य, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. तबकडीखाली पांढरे बूट घालून प्रणय वैरागडे उभे होते. चंचलच्या पाठीवर 'आत्ताच' हे ज्या कंपनीचं नाव छापलं होतं, तिचे ते संचालक. आजवर चंचलनं त्यांना फक्त ॲपमध्ये हसताना पाहिलं होतं. प्रत्यक्षातही ते तसेच हसत होते, फक्त मधूनमधून श्वास घ्यायला थांबत होते.

काझी मॅडमनी चंचलला थंड पाण्याचा ग्लास दिला. मे महिना होता, बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि सकाळपासून एकाही दारात तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. तबकडीवरचा काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला.

"बाप्पा!" चंचल दचकली. "मी काही नाही केलं."

"तुझ्या मेंदूनं केलं." मॅडमनी दुसरा ग्लास दिला. काटा अर्ध्यावरच गेला. तिसरा दिला. काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी चौथा ग्लास भरला, तिच्यापुढे धरला आणि स्वतःच पिऊन टाकला. काटा डावीकडे गेला.

"अजून तहान आहे मॅडम," चंचल म्हणाली.

"तेच तर सांगायचंय." मॅडम वैरागडेंकडे वळल्या. "पाणी तेच, तहानही आहे, तरी आभार संपले. कारण मेंदू एक अपेक्षारेषा आखतो. मिळालेलं त्या रेषेच्या वर गेलं की आभारलहर उठते. खाली राहिलं की राग. बरोबर रेषेवर पडलं तर काहीच नाही. हा कृतज्ञतामापक एवढंच मोजतो. मिळालं वजा अपेक्षित."

"उत्तम," वैरागडे म्हणाले. "ग्राहक मनातून खूश असतो, पण बक्षीस टाकायची वेळ आली की त्याचा अंगठा आखडतो. हा पट्टा ग्राहकांच्या हातात बांधू. पार्सल हातात पडताना लहर उठली की तेवढं बक्षीस खात्यातून आपोआप वजा. स्वयंबक्षीस! एक हिस्सा कंपनीचा, बाकीचं यांचं. मग पगाराची गरजच काय?"

"सर, तुम्ही तिसरा ग्लास पाहिलात ना? रोज चांगलं मिळालं की रेषा वर सरकते. काटा शून्यावर येणारच."

"मग यांनी रोज आणखी चांगलं द्यावं."

"आणि उणे गेला तर?"

"देणाऱ्याचं खातं बंद. ते यंत्रणाच करेल. त्यात कुणाचा हात नको, माझासुद्धा. माणसाचा हात आला की वशिला आला."

चंचलनं शाळेतल्यासारखा हात वर केला. "आणि शून्य आलं तर?"

दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं. खुर्चीनं प्रश्न विचारल्यावर पाहावं तसं.

"शून्याला काही नाही," वैरागडे म्हणाले. "ना बक्षीस, ना शिक्षा. पण शून्यावर कुणी जगत नसतं." आणि ते पोहे खाऊ लागले. पोहे त्यांचेच होते. पट्टा त्यांच्या हातात नव्हता, म्हणून त्यांना तर्री आवडली की नाही हे विज्ञानाला कळलं नाही.

महिनाभरात इवलीशी तबकडी बसवलेले पट्टे शहरभर झाले. पट्टा घातला की जेवणावर सवलत होती, त्यामुळे काही घरांत तो कुत्र्यालाही बांधला गेला. 'आत्ताच'चे पगार बंद झाले.

पहिले काही दिवस झकास गेले. ॲप चाळीस मिनिटं सांगायचं, पोरं वीस मिनिटांत दारात. काटे उजवीकडे, खाती भरलेली. मग लोकांना वीस मिनिटांची सवय झाली. पोरं पंधरावर आली, मग बारावर. त्यानंतर सिग्नल पाळणं परवडेना.

आणि मग डोमाजी काकांचं खातं बंद झालं.

डोमाजी सातपुते पूर्वी सावजी हॉटेलात वेटर होते. एका हातावर ताटांची उतरंड घेऊन गर्दीतून जायचे, पण कुणाच्या सदऱ्यावर रश्श्याचा थेंब नाही. त्यांनीच चंचलला या कामाला लावलं होतं. एका दुपारी रेल्वेचं फाटक पडलं आणि काका दारात पोचले तेव्हा ॲपनं सांगितलेल्या वेळेला अजून पाच मिनिटं बाकी होती. पण ते रोज त्याहून फार लवकर यायचे. ग्राहक बाईंची रेषा तिकडे होती. काटा उणे.

"मी वेळेच्या आधी पोचलो, तरी उशीर झाला," काका उड्डाणपुलाखालच्या टपरीवर बसून सांगत होते. "हे गणित मले समजून नाही राहिलं पोरी. तक्रार टाकली तर यंत्रणा म्हणते, सात दिवसांत उत्तर मिळेल. गेल्या महिन्यापासून सातच दिवस सांगून राहिली ती."

चंचलला ते गणित समजलं होतं. तिसऱ्या ग्लासाचं होतं. आज काका, उद्या ती.

इतरांनी आपापले मार्ग शोधले. एकजण रस्त्यातून फोन करून रडायचा, "ताई, रस्सा सांडला हो!" आणि मग दारात डबा जसाच्या तसा काढून द्यायचा. काटा उजव्या टोकाला. आठवडाभरात गिऱ्हाइकं "हौ, सांडला ना, घेऊन ये लवकर" म्हणू लागली. मग त्यानं रश्श्याऐवजी स्वतःलाच सांडायला सुरुवात केली. गुडघ्याला पट्टी बांधून यायचा. हॉटेलांत वेटर आधी "मटण संपलं" सांगायचे आणि गिऱ्हाईक उठलं की मटण आणायचे. सदर भागातल्या एका वेटरनं एका कुटुंबाला पंख्याखालून उठवलं, मोरीजवळ बसवलं, पुन्हा पंख्याखाली आणलं. त्या रात्री त्याला विक्रमी बक्षीस मिळालं.

"मी नाही रडणार," चंचल टपरीवर म्हणाली. "लंगडणार पण नाही. आपण जेवण पोचवतो, तमाशा नाही."

"मग कर काय करते ते," गुडघ्याला पट्टीवाला म्हणाला. त्याचं नाव राकेश. पट्टी आज दुसऱ्या गुडघ्याला होती.

"तू फोन करून खोटं सांगतोस, त्यांची रेषा खाली येते. बरोबर? मग मी फोन करून खरं सांगितलं, तर रेषा जिथल्या तिथं येईल. 'बरोबर एक चाळीसला येते, आधी नाही, नंतर नाही.' आणि एक चाळीसलाच द्यायचं. मिळालं वजा अपेक्षित. शून्य."

"शून्यानं पोट भरते का?"

"नाही भरत. पण कंपनीचंही नाही भरत. तिचा हिस्सा बक्षिसातूनच येतो ना? आणि शून्यावर कुणाचं खातं बंद करता येत नाही. संचालक माझ्यासमोर पोहे खाताना बोलले आहेत."

डोमाजी काकांनी उठून टपरीवाल्याचं मोठं पातेलं मागितलं. "खिचडीचं मी पाहतो," ते म्हणाले. "पण पोरं हो, एकानं जरी बक्षिसासाठी धाव मारली, तर बाकीच्यांच्या गिऱ्हाइकांच्या रेषा हलतील. मग खिचडीत मीठ नाही टाकणार."

ठरल्याप्रमाणे शहरभर फोन गेले. दुसऱ्या दिवशी चंचल धरमपेठेतल्या एका दारासमोर पार्सल घेऊन उभी होती. हातातल्या घड्याळाकडे नजर. दार उघडलं आणि एक काकू डोकावल्या.

"आलीस का?"

"नाही काकू. अजून नाही आले."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग ही कोण उभी आहे?"

"ही दोन मिनिटांनी येणारी आहे."

काकू दार लोटून आत गेल्या, दोन मिनिटांनी परत आल्या, पार्सल घेतलं. पट्टा शून्य. त्यांना मात्र राहवेना. त्यांनी पर्समधून शंभराची नोट काढली.

"नको काकू. आम्ही पगार मागतोय. बक्षीस नाही."

"अगं, पण मला द्यावंसं वाटतंय ना!"

"मग कंपनीला लिहा. त्यांना सांगा, यांना आमच्या मनावर टांगून ठेवू नका."

काकूंनी खरंच लिहिलं. पुष्कळ लोकांनी लिहिलं. पण वैरागडेंना घाम फुटला तो त्या पत्रांनी नाही. त्यांच्या दालनात शहरातल्या सगळ्या काट्यांची सरासरी दाखवणारी तबकडी होती आणि तिच्यातला काटा भिंतीवर काढलेल्या चित्रासारखा झाला होता. कुणाची तक्रार नव्हती. कुणाचे आभार नव्हते. जेवण अख्ख्या शहरात अगदी वेळेवर पोचत होतं आणि कंपनी बुडत होती. कुणाला काढावं तर यंत्रणा कारण विचारायची, आणि कारण शून्य होतं.

टपरीवर खिचडी पातळ होत गेली. चंचलचं घरभाडं थकलं, घरमालकानं पाण्याची मोटर बंद केली. राकेशनं एकदा पट्टी बाहेर काढली, हातात धरून बराच वेळ बसला, मग त्या पट्टीनंच आपली गाडी पुसली. धाव कुणीच मारली नाही.

शेवटी वैरागडे झुकले. मात्र झुकताना मंडप घातला. सगळ्यांना पक्का पगार, दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी दहाला. ज्यांची खाती बंद झाली त्यांनाही परत कामावर घेणार. एक तारखेच्या समारंभात मंचामागे भली मोठी तबकडी होती आणि सगळ्या कामगारांच्या मनगटावर पट्टे. पगार जमा होताच यांचे आभार काट्यावर दिसावेत, छायाचित्रकारांनी ते टिपावेत, अशी योजना.

"यंत्रणेला देणारा कोण ते सांगावं लागतं," काझी मॅडम म्हणाल्या. "कुणाचं नाव टाकू?"

"माझं! मीच तर देतोय."

"मग देणाऱ्याचे नियम तुम्हाला लागतील, सर."

"लागू दे ना," वैरागडे केस सारखे करत म्हणाले.

दहा वाजले. सगळ्यांचे फोन वाजले, पहिला पगार जमा झाला. वैरागडेंनी दोन्ही हात पसरून तबकडीकडे पाहिलं.

शून्य.

छायाचित्रकारांनी शून्य टिपलं. वैरागडेंनी तबकडीच्या काचेवर टिचकी मारली.

"मॅडम, हे बिघडलंय."

"अजिबात नाही. तुम्ही दहाला देतो म्हणालात, दहाला दिलंत. त्यांना हे अपेक्षितच होतं."

"मग यांचे आभार दिसणार कधी?"

उत्तर पहिल्या रांगेतून आलं. "वेळेवर देत राहा साहेब," चंचल म्हणाली, "कधीच नाही दिसणार."

मंडपात हशा पिकला. वैरागडेही हसले, पण या वेळी मध्ये थांबले ते पुन्हा सुरू झालेच नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. "पट्टे यांच्या हातात राहू द्या. आणि मला सांगा, सगळ्यात स्वस्तात काटा उजवीकडे कसा न्यायचा?"

"या लोकांनी गिऱ्हाइकांशी केलं तसं. आधी मिळणार नाही असं दाखवायचं आणि मग द्यायचं. पण सर, तुमच्या बाबतीत..."

पुढचं वाक्य ऐकायला ते थांबले नाहीत.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला पगार आला नाही. साडेदहाला चंचल गाडी काढून थेट 'आत्ताच'च्या इमारतीवर गेली. फाटकाबाहेर, उन्हात, पांढऱ्या बुटांतला एक माणूस पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता.

"अरे, मी वैरागडे! फोटो आहे माझा आत!"

"फोटो आहे साहेब," पहारेकरी अजिजीनं म्हणाला. "पण खातं बंद आहे. दहा वाजता हजार काटे एकदम उणे गेले, देणारा म्हणून तुमचं नाव. दार नाही उघडत, लिफ्ट नाही चालत. मी हात लावू शकत नाही, तुमचाच नियम आहे. तक्रार टाका, सात दिवसांत उत्तर मिळेल."

"मी बाराला देणारच होतो! नुसतं उशिरा देणार होतो, म्हणजे यांना बरं वाटलं असतं!"

वैरागडे घामानं निथळत होते. चंचलनं गाडीला लावलेली बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि घटाघटा प्याले. सवलतीसाठी त्यांनीही मनगटावर पट्टा घातलेला होताच. काटा उजव्या टोकाला गेला आणि चंचलच्या फोनवर घंटी वाजली. स्वयंबक्षीस. चांगलं घसघशीत.

चंचलनं आकडा पाहिला आणि 'परत' असं लिहिलेलं बटण दाबलं.

"हे ठेवा तुमच्याजवळ. पगार कुठंय?"

वैरागडेंनी ओठ पुसले. फोन अजून चालत होता. त्यांनी लेखा विभागाला फोन लावला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांचे टाका म्हणाले. दोघं फाटकाच्या पत्र्याच्या सावलीत शेजारी शेजारी उभी राहिली. थोड्या वेळानं चंचलचा फोन पुन्हा वाजला. वैरागडे वाकून तिच्या मनगटाकडे बघू लागले. काटा डावीकडून निघाला, वर चढत आला, शून्यावर पोचला आणि थांबला.

ते बघत राहिले. "थोडासुद्धा नाही?"

"बाटली द्या साहेब," चंचल हेल्मेट घालत म्हणाली. "मला ऑर्डर आहे."