तेल बरोबर आहे

“बंडी तियंडी! ओ मॅडम, बंडी तियंडी!”

आदिलाबादच्या वेशीवरच्या जिनिंग कारखान्यात सकाळी सकाळी कापसाच्या वजनकाट्यावर फ्लॉवर आणि वांग्यांनी भरलेली पिकअप येऊन उभी राहिली, तर काट्यावरच्या माणसानं दुसरं काय ओरडायचं? केबिनची काच खडकन सरकली, मफलर गुंडाळलेलं एक डोकं बाहेर आलं आणि गाडी काढा, गाडी काढा म्हणून तेलुगूत हाकारू लागलं.

दामिनीनं गाडी काढली नाही. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून सरळ बॉनेट उघडलं.

“पाचच मिनिटं!” ती मराठीतच म्हणाली. “सपाट जागा पायजे होती. तुमच्या काट्याएवढी सपाट जागा जैनथपासून इथवर नाही.”

मराठी कानावर पडताच ते डोकं नरमलं. “सपाट जागा? कायले?”

“तेल पाहाले.”

आता हे तेलाचं प्रकरण असं, की आदल्या दिवशी दामिनीनं आयुष्यात पहिल्यांदा गाडीचं इंजिन ऑइल स्वतःच्या हातानं बदललं होतं. तिचे वडील केशवराव विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून भाजीची गाडी तीच मार्केटला नेत होती. गॅरेजवाला गाडी दिवसभर अडकवून ठेवायचा आणि भाजी काही कोणासाठी थांबत नाही. मग तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, नाही नाही म्हणणाऱ्या वडिलांना गळ घातली आणि जुनं तेल काढून नवीन भरलं. केशवराव बाजेवरून एवढंच म्हणाले होते, “मागच्या गाडीचं इंजिन तेलापायीच बसलं. ह्या गाडीले काही झालं त दुसऱ्याच दिवशी विकून टाकीन. मंग जा बसमंधी डोक्यावर टोपलं घेऊन.”

तेल भरलं खरं, पण किती भरलं? त्यांचं अंगण नाल्याच्या बाजूला उतरतं. तिथं तेल मोजायची काडी इंजिनातून काढून पाहिली तर एकदा खूप दिसायचं, गाडी फिरवून लावली की जवळजवळ नाहीच. कमी पडलं तर इंजिन जळणार, जास्त झालं तर धूर ओकणार... रात्रभर पोरीचा डोळा लागला नाही. सकाळी वाटेत तर इंजिनाचा प्रत्येक आवाज तिला निराळा वाटत होता.

इंजिनातलं तेल खाली उतरेपर्यंत ती हाताची घडी घालून उभी राहिली. मग तिनं काडी ओढली आणि सीटखालचा कापसाचा बोळा घेऊन पुसली. त्यांच्या घरी सगळं कापसानंच पुसतात, देवाची समई काय नि वडिलांचा चष्मा काय. काडी परत आत घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर!

“अगं माय...” तिनं पुन्हा पुसली, पुन्हा घातली. ह्या वेळी आणखीच वर.

तिचे डोळे भरून आले. तोवर तो काटेवाला खाली उतरून जवळ आला होता. चोवीस-पंचवीसचा असेल. स्वेटरवर, केसांत, अगदी भुवयांवरही कापसाचे तंतू बसलेले. जिनिंगमधल्या माणसांची थंडी अशीच दिसते. त्यानं काही न विचारता काडीचं टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढलं आणि बोटांवर पाहिलं.

“लांब धाग्याचा हाय,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण ओला असतानी वेचला.”

“मी तेलाचं पाहून राह्यली, अन् तुमी—”

“तेलातलं मले काय समजते? मले कापूस समजते. तुमच्या काडीले कापूस चिकटून हाय ना.”

दामिनीनं काडी डोळ्यांजवळ नेली. खरंच की! बारीक बारीक तंतू काडीला बिलगले होते आणि समईच्या वातीवर चढावं तसं तेल त्यांच्यावरून वर चढलं होतं. तिला स्वतःचीच अशी लाज वाटली, की हसावं का रडावं कळेना.

“घ्या,” त्यानं खिशातून इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल काढला.

“काळा होईन...”

“होऊ द्या.”

रुमालानं पुसून तिनं काडी पुन्हा आत सोडली, जीव मुठीत धरून बाहेर काढली. तेल दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये होतं. दामिनीनं असा काही सुस्कारा सोडला की त्यालाही हसू आलं. मग तीही हसली. कालपासून पहिल्यांदाच.

“नवीन तेल टाकलं का चार दिवस रोज पाहा लागते,” बॉनेट लावता लावता ती म्हणाली. हे खरंच होतं, व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

“मंग या ना,” तो म्हणाला. “काटा उद्याबी सपाटच राहीन.”

त्याचं नाव प्रज्वल. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग रोज सकाळी कापसाच्या गाड्या यायच्या आधी भाजीची पिकअप काट्यावर चढू लागली. प्रज्वल दोन कप चहा सांगून ठेवायचा. कधी तिच्याकडून मेथीची जुडी केबिनच्या खिडकीत यायची.

“तुमी खाली उतरल्या का काटा पन्नास किलोनं उतरते,” एकदा तो म्हणाला.

“काटा बिघडला तुमचा!”

“दहाच्या खालचं त्याले समजत नाही. तेवढी सूट धरा.”

“लोकाइच्या पोरी मोजाले बसवलं का तुमाले इथं?”

“लोकाइच्या नाही...” एवढं बोलून तो चहाच्या कपात पाहू लागला. दामिनीचे कान गरम झाले आणि तिनं उगाचच बॉनेटमध्ये डोकं घातलं.

तेल बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काडी हातात घेऊन ती उभीच राहिली. आज बरोबर आहे म्हटलं की झालं. उद्या ह्या फाटकातून आत वळायला काही निमित्तच नाही.

“काय म्हणते तेल?” त्यानं विचारलं.

“जरासं... कमी वाटते,” दामिनी म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. पाचव्या दिवशीही कमी, सहाव्या दिवशीही कमी. रोज काडी काढताना तिचा चेहरा उतरायचा, कारण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्याच्या मनात काही नसलं तर? नुसता भला माणूस म्हणून चहा पाजत असला तर? आधी तिला एका तेलाचा घोर होता, आता हा दुसरा लागला होता. प्रज्वल बिचारा काळजीत पडत चालला होता. “वाटेत बंद त नाही ना पडणार?” तो रोज विचारायचा, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा राहायचा.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा केशवराव बाजेवर ताठ बसले होते. हातात फोन होता.

“प्रज्वल कोण हाय?”

दामिनीच्या हातातलं रिकामं क्रेट खाली पडलं. “जिनिंगमधला... काट्यावरचा. काऊन?”

“फोन होता त्याचा. गाडीच्या मागं नंबर लिहून हाय ना, त्याच्यावर.”

त्यानं मागणीच घातली असेल, असं तिच्या मनात आलं. क्षणभर ते संबंध अंगण तिला सपाट वाटलं. आणि मग वडील पुढं बोलले.

“गाडी रोज तेल खाऊन राह्यली म्हणे. पोरगी एकटी जाते, आडवाटेले बंद पडली त काय करीन, दाखवून घ्या म्हणे. परक्या पोराले काळजी, अन् तू मले सांगितलंबी नाही! तेल खाणारी गाडी ठेवाची नाही मले. बेल्याच्या भूषणले बोललो, उद्या सकाळी घेऊन जाते तो.”

जुन्या गाड्या घेणारा भूषण म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. तेल बरोबर आहे म्हणावं, तर मग कमी काऊन म्हणत होती? ह्या प्रश्नाला तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते बापाला द्यायचं कसं? भागाबाईंनी, तिच्या आईनं, ताटात भाकर वाढली. पोरीनं तिचा तुकडासुद्धा मोडला नाही.

सकाळी धुकं होतं. मार्केटला भाजी उतरवून गाडी तिथूनच भूषणच्या हवाली करायची, असं ठरलं. केशवराव प्लास्टरचा पाय लांब करून शेजारी बसले, भूषण मोटरसायकलवर मागून येत होता. ही शेवटची खेप. उद्यापासून ना ही गाडी, ना हा रस्ता, ना ते फाटक... फाटक जवळ आलं. पुढं निघून जावं, असं तिला शंभरदा वाटलं. आणि तिनं स्टिअरिंग आत वळवलं.

“इकडं काय?” केशवराव म्हणाले.

“सपाट जागा हाय. विकाच्या आधी तुमी एकदा पाहून घ्या.”

प्रज्वल धावत आला. केशवरावांना पाहून त्यानं मफलर काढला आणि नमस्कार केला. दामिनीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. थोडं थांबून तिनं काडी काढली, त्याच रुमालानं पुसली, आत घातली आणि पुन्हा काढून खिडकीतून वडिलांच्या हातात दिली. भूषणनंही वाकून पाहिलं.

“हे त बराबर हाय,” केशवराव चकित झाले.

“आज बराबर दिसन,” भूषण हसला. “काल कोणी वरून टाकून ठेवलं असन. मी त तेल खाणारी म्हणूनच घेईन, काका. भावबी तसाच लागन.”

केशवरावांनी मान हलवली. “भाजी उतरली का घेऊन जा बाबा. घोर नको मले.”

भूषणनं आताच किल्लीसाठी हात पुढं केला. दामिनीनं किल्ली घट्ट मुठीत धरली.

“बाबा... तेल कधीच कमी नव्हतं. मीच म्हणत होती कमी हाय म्हणून.”

“काऊन?”

ती खाली काट्याच्या लोखंडाकडे पाहत होती. “बराबर हाय म्हटलं असतं त... दुसऱ्या दिवशी इथं थांबाले कारण नसतं राह्यलं.”

भूषण उगीच खोकला. केशवरावांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग त्या कापूस लागलेल्या पोराकडे.

“अन् तू? तू त फोनवर म्हणे, मी रोज पाहून राह्यलो, रोज कमी होते!”

प्रज्वलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “काका, मी... काडीकडं पाह्यलंच नाही कधी. वरची खूण कोणती, खालची कोणती, मले अजून समजत नाही. मी ह्याइच्या तोंडाकडं पाहो. काडी काढली का ह्याइचं तोंड उतरे. मले वाटे, लय कमी झालं असन... मले झोप लागत नव्हती, काका.”

दामिनीनं वर पाहिलं. इतके दिवस जे विचारायला ती घाबरत होती, त्याचं उत्तर त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

केशवराव आधी घशातल्या घशात हसले, मग एवढे हसले की प्लास्टरचा पाय गाडीच्या दारावर आपटला आणि “अगं माय” म्हणून विव्हळले. मागं कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजू लागले होते.

“भूषण, तू जा बाबा. गाडी विकाची नाही.” मग ते प्रज्वलकडे वळले. “रविवारी मायबापाले घेऊन ये घरी. आंगण उतरतं हाय आमचं, पण बसता येते.”

दामिनी बॉनेट लावून गाडीत बसली. प्रज्वल हळूच खिडकीजवळ आला.

“रुमाल?”

“धुऊन देते. उद्या.”

“उद्या कायले थांबता? तेल त बराबर हाय.”

“हाय ना,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली. “तरी थांबीन.”