टेबलामागे एक निरोप

घराबाहेर पडताना बोटं मोजायची सवय नम्रताला मनस्वीच्या जन्मानंतर लागली. करंगळी म्हणजे मनू, शेजारचं बोट पिशवी, मधलं पाण्याची बाटली, चौथं घराची किल्ली आणि अंगठा म्हणजे हरेश. पाचही मिटली की मूठ व्हायची, मूठ झाली की निघायचं. बी.एस्सी. झालेल्या बाईला हे शोभत नाही हे तिलाही कळायचं. पण गेल्या वर्षी म्हसेच्या जत्रेत मनूचा हात सुटला होता. दोन मिनिटांत पोर सापडली, घोंगड्यांच्या दुकानापाशी उभी होती. नम्रतासाठी ती दोन मिनिटं अजून संपली नव्हती.

"मी किल्लीच्या पण नंतर," हरेश चिडवायचा. "उद्या अंगठ्याला लागलं तर मी गेलोच."

"तुम्ही काय हरवणार आहात," ती म्हणायची.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी दुपारी तिनं मूठ मिटली आणि तिघं वाशिंदच्या त्यांच्या इमारतीचा जिना उतरले. तळमजल्यावरच्या पारूमावशी दारातच बसल्या होत्या. मनूनं हात हलवून म्हटलं, "येते हं."

मावशी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अडीच वर्षांच्या मनूला अजून धड वाक्य जोडता येत नव्हतं, पण हे दोन शब्द पक्के होते. मुरबाडकडच्या गावी तिची आजी, गिरजाबाई, हिनं ते घोटून घेतले होते. निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. एकदा नम्रताच्याच तोंडून चुकून "जाते" गेलं, तर सासूनं तिला उंबऱ्यावरून परत आत बोलावून पाटावर बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, आणि मग पुन्हा निघायला लावलं होतं.

हायवेच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं. रिकाम्या खाचरांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. खर्डी मागे पडली, रस्ता उंबरमाळीकडे चढू लागला, तसं साग आणि पळसाचं रान जवळ आलं. हरेशच्या कंपनीत गेले दोन महिने एकच विषय होता, हायवेवरचा नवा पब. नाव 'तोटी'. वेटर नाय, मॅनेजर नाय, मनगटाला पट्टा बांधायचा, तोटीला टेकवायचा आणि आपली बिअर आपणच ओतायची. बर्गर भिंतीतून येतो.

"तानसा धरणाचं पाणी मुंबईला गेलं," हरेश मोटरसायकल चालवता चालवता म्हणाला. "आमच्या नशिबी निदान बिअरचा तरी नळ."

"एकच ग्लास," नम्रता मागून म्हणाली. "पोर आहे गाडीवर."

"एकच गो. तू मोज."

पबची इमारत लांबट होती, विटांची, पुढची भिंत सगळी काचेची. पूर्वी तिथं वीटभट्टी होती म्हणतात. अंगणात मोटरसायकलींची रांग होती. नम्रतानं न ठरवता मोजल्या. चोवीस. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या सीटवर सागाची वाळकी पानं पडून होती. एकीच्या हँडलला कसलीशी वेल दोन वेढे घालून वर गेली होती.

"ठेवून गेले असतील," हरेश म्हणाला. "पिऊन कोण चालवणार?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. तिनं मान हलवली, पण आत शिरताना काचेतून माणसं बसलेली टेबलं मोजली. पाच होती.

दारात लोखंडी फिरतं फाटक आणि त्याच्या बाजूला आकडे दिसणारा पडदा, पडद्याखाली बोलायची जाळी. बाईचा आवाज आला, बातम्या देणाऱ्या बाईसारखा शुद्ध. "स्वागत आहे. किती जण?" हरेशनं तीनवर बोट ठेवलं. खालच्या फटीतून तीन निळे पट्टे बाहेर आले. तिसरा इतका छोटा होता की मनूच्या मनगटावर मापानं शिवल्यासारखा बसला. "तुमचं टेबल अकरा. उंच खुर्ची ठेवली आहे."

खरंच ठेवली होती. मनूला तिच्यात बसवून नम्रतानं तिच्या मनगटावरचा पट्टा ओढून पाहिला. घट्ट नव्हता, पण सुटतही नव्हता. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पट्टे निघताना सुटतील. दर टेबलामागे एकानं निरोप द्यावा.'

भिंतीत एका ओळीत काचेच्या दारांचे खण होते. अकरा नंबरचा खण उजळला की पट्टा टेकवायचा, दार उघडायचं. मागे स्वयंपाकघर असणार, पण भांड्याचा आवाज नाही, तेलाचा वास नाही. मनूचा बर्गर आला तो छोटे तुकडे करून. कांदा नव्हता. आणि पावाची कड काढून टाकलेली होती.

नम्रता त्या तुकड्यांकडे बघत राहिली. मनू पावाची कड खात नाही. रोज सकाळी ती कड नम्रता स्वतः कुरतडून काढते, उभ्या उभ्या, ओट्यापाशी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

"तुम्ही दाबलं का काही, कड नको असं?"

"मी फक्त लहान मुलांचा दाबला. सगळ्यांना तसाच येत असंल." हरेश उठला. "मी ओतून येतो."

तेवढ्यात तिला देवकी दिसली. डावीकडच्या टेबलावर, नवऱ्याबरोबर. देवकी वाशिंदच्याच दुसऱ्या टोकाला राहायची. लसीकरणाच्या रांगेत दोघींची ओळख झाली होती. नऊ महिन्यांची लस घेताना देवकीचा प्रणित असा काही रडला होता की नम्रतानं त्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन मनूचा खुळखुळा दिला होता. खुळखुळा परत आलाच नाही. दोघी भेटल्या की त्यावरून हसायच्या.

नम्रता मनूला कडेवर घेऊन तिकडे गेली. देवकीच्या शेजारीही उंच खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं. पुढच्या थाळीत बर्गरचे तुकडे होते आणि त्यांना बारीक बारीक चावे घेतलेले होते, तांदळाएवढ्या दातांचे. चाव्यांच्या कडा अजून ओल्या होत्या.

"प्रणित कुठं गेला गो?"

देवकीनं वर पाहिलं. ओळखीचं हसली. "कोण प्रणित?"

"चेष्टा नको. पोरगा कुठंय?"

"अगं, तुझ्या तोंडात साखर पडो," देवकी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून लाजली. "आमी दोघंच की. सहा वर्षं झाली लग्नाला. बघू आता, देव कधी देतो ते. हीच का तुझी मनू? केवढी झाली."

"तू आधी आली होतीस इथं?"

"मागच्या महिन्यात. का कोण जाणे, सारखं वाटत होतं परत जावं." बोलता बोलता देवकीचा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून फिरत होता, वर-खाली, वर-खाली, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

नम्रतानं टेबलाशी परत येऊन देवकीचं बोलणं सांगितलं. हरेशनं ग्लास ठेवला, ओठावरची फेसाची मिशी पुसली आणि सगळं ऐकून घेतलं.

"दुसरी कोणी असंल."

"तिनं मनूला नावानं ओळखलं."

"मग पोराला आईकडे ठेवलं असंल नि तुझी गंमत केली असंल. नम्रता, तू ना, चांगल्या दिवशी पण..." पुढचं त्यानं गिळलं. ते तिला पाठ होतं. घाबरट. सासू म्हणायची, पोरीला श्वास तरी घेऊ दे. डॉक्टर म्हणायचे, आईच जास्त आजारी दिसते. नम्रतानं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पण ती बघायची. बघणं तिनं कधी सोडलं नाही.

आताही ती फाटकाकडे बघत होती. एक कुटुंब निघालं होतं. नवरा, बायको, मध्ये लाल शर्टातला चार-पाच वर्षांचा मुलगा, दोघांनी त्याचा एकेक हात धरलेला. "निरोप द्या," आवाज म्हणाला. बापानं कौतुकानं मुलाला पुढे केलं. मुलगा टाचा उंचावून जाळीत ओरडला, "येतो."

फाटक फिरलं. काचेपलीकडे उन्हात नवरा-बायको चालत गाडीपाशी गेले. दोघंच. बाईचा डावा हात अंगापासून जरा दूर धरलेला होता, मूठ अर्धी मिटलेली. गाडीपाशी पोचल्यावर तिनं तो हात वर केला, तळव्याकडे पाहिलं आणि पदराला पुसला.

नम्रता उभी राहिली. "चला."

"अगं, अर्धा ग्लास..."

"राहू दे. आत्ता निघायचं."

तिच्या आवाजात असं काही होतं की हरेश वाद न घालता उठला. फाटकापाशी तिनं मनूचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबलं.

"निरोप द्या," आवाज म्हणाला.

"मनू, बोल," हरेश म्हणाला. "आजीनं शिकवलंय ते बोल."

मनूनं तोंड उघडलं. नम्रतानं त्यावर हात ठेवला.

"जातो आम्ही," ती जाळीत म्हणाली. हा शब्द तिनं जन्मात असा मुद्दाम उच्चारला नव्हता.

फाटक हललं नाही.

"असं बोलू नये," आवाज म्हणाला.

"जातो. परत येणार नाही."

थोडा वेळ नुसती खरखर. मग आवाज आला तो बातम्यांतला नव्हता. मुरबाडकडचा होता, म्हातारा, मायेचा. "जाते म्हनू नय गो बाय. पोरीला बोलू दे. येते म्हन, मनू."

मनूचे ओठ तिच्या तळव्याखाली हलले. नम्रतानं हात काढला नाही. मागे टेबलांवरची माणसं माना वळवून बघत होती.

"जाते," नम्रता म्हणाली. "मी जाते. ही जाते. हिचा एक शब्द तुला मिळायचा नाही. कर काय करायचं ते."

"नम्रता, लोक बघतायत," हरेश हळूच म्हणाला. मग तिच्याकडे, मनूच्या तोंडावर दाबलेल्या तिच्या हाताकडे पाहून त्याचा चेहरा मऊ झाला. "मशीन आहे गो ते. एका शब्दावरून किती जीव खातेस." आणि तो तिच्या खांद्यावरून वाकला, जाळीशी तोंड नेलं.

"येतो," तो म्हणाला.

खट् झालं.

फाटक फिरलं.

नम्रता पोरीला घेऊन बाहेर पडली.

ऊन लख्ख होतं. मनूच्या मनगटावरचा पट्टा आपोआप सुटून पायरीवर पडला होता. नम्रतानं खोल श्वास घेतला, मनूला घट्ट धरलं, तिच्या केसांचा वास घेतला, कान, नाक, बोटं चाचपली. पोर अख्खी होती. ती जिंकली होती. एकटीनं. त्या आवाजाला तोंडावर जाते म्हणून सांगितलं आणि त्याला फाटक उघडावं लागलं.

तिनं बोटं मिटली. मनू. पिशवी. बाटली. किल्ली.

अंगठा उरला.

तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तसंच. मग स्वतःवरच हसली. मोजून मोजून चार गोष्टी, आणि घाबरटपणा पाच बोटांचा.

निघताना एकदाच तिनं काचेतून आत पाहिलं. अकरा नंबरची उंच खुर्ची रिकामी होती. टेबलावर बिअरचा अर्धा ग्लास होता. ती बिअर पीत नव्हती, आधीच्या कुणाचा तरी असेल. ती बघत असतानाच ग्लासातली बिअर दोन बोटं खाली गेली.

गाड्यांच्या रांगेत शेवटच्या मोटरसायकलीवर एकही पान पडलेलं नव्हतं. मनू त्या गाडीकडे झेपावली, टाकीवर बसायचं म्हणून पाय झाडू लागली.

"आपली नाही ती, मनू."

हायवेवर एसटी मिळाली. आलो तशाच एसटीनं जाऊ, असं तिच्या मनात आलं. कंडक्टरनं विचारलं, "एकट्याच का ताई, एवढ्या लांब?"

"एकटी कशी? ही आहे की," नम्रता म्हणाली आणि ताठ बसली. खिडकीतून उडव्या मागे पळत होत्या. तिला आता कशाचीच भीती वाटत नव्हती.

पारूमावशी अजून दारातच होत्या. त्यांनी नम्रताच्या मागे जिन्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि विसरल्यासारखं मिटलं.

घरात गॅलरीतल्या दोरीवर चौकड्यांचा एक पुरुषी शर्ट वाळत होता. वरच्या मजल्यावरून उडून आला असणार. नम्रतानं तो नीट घडी करून जिन्याच्या कठड्यावर ठेवला, ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून. शर्टाला वास तिच्याच घरातल्या साबणाचा होता.

मग ती पोरीला घेऊन जमिनीवर बसली. मनूनं आईचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट धरू लागली, निघताना आई करते तशी. करंगळीपाशी स्वतःच्या छातीवर हात मारला. पिशवी दाखवली. बाटली दाखवली. किल्ली दाखवली. अंगठा तिनं दोन्ही मुठींत धरला आणि दाराकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली.

"कोण बाबा गो?" नम्रता हसून म्हणाली.

तिचा दुसरा हात शेजारच्या मोकळ्या फरशीवर होता, आणि थोपटत होता.