खैरबोडीचं मेण

मत्सर हा दोष माझ्या स्वभावात नाही. पन्नाशीला आलेल्या, दोन विषयांत एम.ए. केलेल्या माणसाला तो शोभतही नाही. माझ्या चुलतभावाच्या, जितेंद्रच्या, मनीषनगरातल्या बंगल्याचं गेट आपोआप उघडतं, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे आणि गच्चीवर पितळी कड्यांचा झोपाळा आहे, हे मला पाठ आहे ते केवळ निरीक्षणशक्ती चांगली असल्यामुळे.

आमचे वडील उमरेडला एकाच खोलीत, समोरासमोरच्या मागांवर लुगडी विणत. एका मागाच्या पोराला बंगला मिळाला, दुसऱ्याच्या पोराला सक्करदऱ्यात दोन खोल्या. यावर मी कधी काही बोललो नाही. बायको म्हणते, रोज बोलतो.

खैरबोडीला जायचं तिनंच, दिपालीनंच, काढलं. तिच्या शाळेतल्या एका सिस्टरनं सांगितलं होतं, की उमरेडच्या पुढे टेकडीवर मरियममातेचं स्थान आहे. मे महिना मातेचा. जे हवं त्याचा मेणाचा आकार तिच्या पायाशी ठेवायचा.

"मले दोन खोल्या पुरतात," दिपाली म्हणाली. "तुम्ही एकदाचं मागून घ्या. मंग घरात शांतता तरी राहीन."

हे ऐकून जितेंद्रही निघाला. त्याची बायको मयुरी कधीपासून अमरावतीला माहेरीच आहे. नवसाला स्वतःच्या गाडीनं जायचं नाही, एसटीनंच जायचं, हा तिथला रिवाज. त्याची पांढरी गाडी बंगल्यात राहिली आणि तो माझ्याशेजारी फाटक्या सीटवर बसला, तेव्हा मरियममातेविषयी मला पहिल्यांदा आदर वाटला.

"कोण कोणासंग?" कंडक्टरनं विचारलं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट. "दोन फुल, एक हाफ. हाफ माझी."

"अर्धीच तुमची होय?" दिपाली म्हणाली. जितेंद्र गरजेपेक्षा जास्त हसला.

"भाऊजी, संध्याकाळी एकटे काय करता एवढ्या घरात?" तिनं त्याला विचारलं.

"गच्चीवर बसतो, वहिनी. तुमच्या सक्करदऱ्याकडे पाहून राह्यतो."

"दिसते?"

"नाही. मधात बिल्डिंगा हायेत."

झोपाळ्याची जाहिरात, मी मनात म्हणालो.

खैरबोडीला उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. टेकडीच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली फिलोमिनाबाई नावाची म्हातारी मेणाचे आकार मांडून बसली होती. हात, पाय, डोळे, बाळं. पाण्याच्या घमेल्यात घरं. सगळी एकाच साच्यातली: एक दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर.

मी घर घेतलं. जितेंद्रनंही घरच घेतलं.

"तुले काहून घर पाहिजे गा?" मी म्हणालो. "आहे नं तुले!"

"मले पाहिजे तसं नाही ना ते."

एवढा बंगला कमी पडतो, हे ऐकून माझ्या पोटात जे झालं त्याला वैद्यकात पित्त म्हणतात.

"सावलीत न्या," फिलोमिनाबाई म्हणाली. "आन् एकाचं दुसऱ्याले लागू देऊ नका."

वर चपला काढायच्या होत्या. चपला काढताना हातातलं सगळं बायकोकडे द्यायचं, हे आमच्या घराण्याचं वळण. मी माझं घर दिपालीला दिलं. जितेंद्रला द्यायला बायको नव्हती, म्हणून त्यानंही दिपालीलाच दिलं. तिनं दोन्ही एकाच पिशवीत टाकली. रांग उन्हात होती.

मूर्तीपुढे पिशवी उघडली तर घरं एकमेकांना चिकटलेली. मी एक धरलं, जितेंद्रनं दुसरं. ओढल्यावर हलकासा आवाज झाला, पापड मोडल्यासारखा.

माझ्या घराचं छप्पर सपाट झालं होतं. वर दोन बारीक कड्या होत्या. उष्णतेनं मेणाचं काहीही होऊ शकतं.

जितेंद्रच्या घराच्या दारात नखाएवढा उंचवटा आला होता. कोणी दारात वाट पाहत उभं असावं तसा.

"अय्या," दिपाली म्हणाली, "हे तर मीच दिसून राहिली."

आम्ही घरं ठेवली. जितेंद्रचे डोळे बराच वेळ मिटलेले होते.

खाली उतरताना दिपालीनं पाण्याची बाटली आधी त्याला दिली. पाहुण्याला आधी देतात. मग ती म्हणाली, "अहो, टोपी घाला नं, ऊन लागन." मी टोपी चाचपली. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"दिपाली!"

ती वळली. अदबीनं, नातेवाइकाकडे बघावं तशी.

"काय झालं, भाऊजी?"

मी हसलो. कोणीच हसलं नाही. जितेंद्र रस्त्याकडे बघत होता.

परतीच्या एसटीत ती त्याच्याशेजारी खिडकीला बसली. सकाळचाच कंडक्टर होता.

"एक फुल, एक हाफ," जितेंद्र म्हणाला.

तिकिटं फाडून कंडक्टर माझ्याकडे आला. "तुम्ही एकटेच?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं एक फुल फाडलं.

गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरलो. दिपालीनं पदर सावरला. "या नं एखाद्या दिवशी जेवाले, भाऊजी. एकट्यानं काय बनवत असान तुम्ही?"

"जितू," मी म्हणालो.

"येतो गा," तो म्हणाला. दोघं सक्करदऱ्याच्या ऑटोत बसली.

मी किल्ली काढायला खिशात हात घातला. आमच्या घराला एकच किल्ली आहे. हातात जुडगा आला.

मनीषनगरात शेजारचे रुपराव झाडांना पाणी घालत होते. "आज पायी, साहेब? गाडी खराब झाली काय?"

गेट आपोआप उघडलं.

आत सगळं माझ्या आठवणीतल्यासारखंच होतं. काळ्या ओट्यावर एक ताट, एक वाटी उपडी घातलेली.

मी गच्चीवर गेलो. अजून उजेड होता. झोपाळ्यावर बसलो आणि सक्करदऱ्याच्या दिशेला तोंड केलं.

जितेंद्र खरं बोलत होता. मधात बिल्डिंगा आहेत.